पसरलेला उजेड की कवडसा?

चर्चचं अंतरंग रंगवायला शिकायचं असेल, तर सतराव्या शतकातल्या डच चित्रांची नक्कल करून बघा. १५६६मध्ये प्रोटेस्टंटांनी केलेल्या मूर्तिभंजनानंतर तिथल्या अनेक चर्चमधल्या मूर्ती गेल्या, भिंतींना चुना लागला, आणि चित्रकाराच्या वाट्याला मुख्यतः उजेडच उरला. निवड दोघांत करायची: पीटर सानरेडाम (१५९७–१६६५) की एमानुएल दे विटे (मृत्यू १६९२)?

सानरेडामचं असेंडेल्फ्टच्या चर्चचं १६४९चं चित्र घ्या. पहिल्या नजरेला सगळं पांढरंच वाटतं. जरा थांबलं की त्यातून हस्तिदंती, फिकट पिवळा, राखाडी असे एकेक रंग वर येऊ लागतात. खांब वळतो तिथे छटा बदलते, पण नेमकी कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नाही. प्रवचन ऐकणारी माणसं अगदी छोटी. फरशीतल्या एका शिळेखाली चित्रकाराचे वडील पुरलेले आहेत, आणि त्या शिळेवरही उजेड बाकीच्या फरशीइतकाच शांत आहे. मला हे चित्र फार जवळचं वाटतं ते यासाठीच. ही शांतता नुसत्या रंगातून आलेली नाही. तो जागेवर बसून मापं घेऊन रेखाटन करायचा आणि रंगवायला कित्येकदा काही वर्षांनी घ्यायचा.

दे विटेकडे ऊन एका बाजूने आत घुसतं. पुढचा भाग सावलीत, मधल्या खांबावर लख्ख कवडसा, काळ्या कपड्यातली पाठमोरी माणसं, मध्येच एखादा लाल झगा, कुत्रं, कधी उघडी थडगीसुद्धा. नजर एका कवडशावरून दुसऱ्यावर उडी घेत राहते. वेगवेगळ्या चर्चचे भाग जुळवून नवंच चर्च उभं करायलाही त्याची हरकत नसे.

माझं मत विचाराल तर आधी सानरेडाम. पांढऱ्यातले फरक ओळखायला लागलात की सावली आपोआप सुधारते. जलरंगात पातळ थरांवर थर देत हे छान जमतं. पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे लांबचं-जवळचं दाखवणाऱ्या, रेषांचा कंटाळा असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. रेष जरा चुकली तरी अख्खं चर्च कलतं.

तैलरंग हाताशी असतील आणि नाट्य हवं असेल, तर दे विटे. त्याची सावली निव्वळ काळ्याने भरू नका, ती उबदार तपकिरी ठेवा, म्हणजे आतला खोलपणा मरत नाही. सुरुवातीला चित्राचा फोटो कृष्णधवल करून समोर ठेवा. लाल झगा करड्यात विरून जातो, कवडसा मात्र तितकाच झळकत राहतो.