शाळेत मातीचा वाफा की हायड्रोपोनिक्स?
सहावी-सातवीच्या मुलांचे हात आधी मातीतच जायला हवेत. मुगाचं रोप हलकेच उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने फोडली की आत गुलाबी रंग. इथले जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला देतात, हे मग पाठ करावं लागत नाही. गांडूळ, तण, कीडही शिकवून जातात. एकच काही जमणार असेल, तर मी वाफाच निवडेन.

हायड्रोपोनिक्सला, म्हणजे मातीशिवाय, खतं विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवायला, जागा कमी लागते. त्याची खरी गोडी नववीनंतर: द्रावणाचा सामू (pH, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) ५.५ ते ६.५ राखायचा, तो चढल्यावर पाण्यात लोह असूनही कोवळी पानं पिवळी का पडतात, ते शोधायचं. मात्र पाणी फिरवणारा पंप बंद पडला तर काही तासांत रोपं माना टाकतात. सुट्टीत कोण बघणार, हे आधीच ठरवा.