सूक्ष्म भिंगांची काचपट्टी: साच्यात दाबायची की एचिंगने कोरायची?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावात डायकाम (साचे बनवायचं काम) करणाऱ्याने काचेचे मायक्रोलेन्स ॲरे, म्हणजे एकाच पट्टीवर ओळीने मांडलेली सूक्ष्म भिंगं, करायचं मनावर घेतलं, तर ओढा साच्याकडेच असणार. साचा हा कोल्हापूरच्या हातातला विषय. तरी हातात कुठलं मशीन आहे यापेक्षा भिंग केवढं हवंय, हे आधी ठरवा.

साच्याच्या रीतीत टंगस्टन कार्बाइड हिऱ्याच्या चाकाने घासतात, त्यावर पातळ कोटिंग चढवतात आणि नायट्रोजनमध्ये तापवलेली काच दाबतात. काच ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागणारी लागते. शुद्ध सिलिकाची काच एवढ्यावर मऊ होत नाही, म्हणून इथे बाद. खरी मेख थंड होताना. काच आणि कार्बाइड सारखे आकसत नाहीत, म्हणून साचा मुद्दाम थोडा वेगळ्या आकाराचा घासायचा. फाउंड्रीत पॅटर्नला श्रिंकेज (आकसण्याची सूट) धरतोच आपण, पण इथे हिशेब मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या हिश्शाचा. शिवाय खळग्याच्या वक्रतेपेक्षा चाक लहान हवं, त्यामुळे अगदी बारीक भिंगांचा साचा घासणं अवघडच.

तिथे एचिंग, म्हणजे रसायन किंवा वायूने काच कोरणं, सरस. सिलिकाच्या वेफरवर (पातळ चकतीवर) मास्कने (नक्षीच्या छापपट्टीने) फोटोरेझिस्टचे, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटणाऱ्या लेपाचे, गोल खांब उमटवतात. तापवले की ते वितळतात आणि पृष्ठताणाने आपोआप घुमटाकार होतात. मग फ्लोरीनयुक्त वायूच्या प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) तोच आकार काचेत उतरवतात. भिंगांमधलं अंतर मास्क ठरवतो, म्हणून ते चोख येतं. प्रकाशलहरींचा आकार मोजणाऱ्या शॅक-हार्टमन सेन्सरच्या १५० ते ३०० मायक्रॉन पिचला (भिंगांमधल्या अंतराला) किंवा ओळीने लावलेल्या प्रकाशतंतूंच्या, म्हणजे फायबर ॲरेच्या, २५० मायक्रॉनला हेच बरं. सिलिका अतिनील प्रकाशही जाऊ देते. उणं एवढंच, की भिंगाला फार उंची मिळत नाही, आणि वितळलेल्या रेझिस्टचे शेजारचे थेंब टेकले की दोघांचं एक डबकं होतं. मध्ये फट सोडावीच लागते.

हायड्रोफ्लोरिक ॲसिडने काच खाण्याचा मार्ग शेडमध्ये नकोच. काचेवर यूव्ही रेझिनची (अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकची) भिंगं स्वस्त पडतात, पण जास्त ताकदीच्या लेझरपुढे त्यांचा भरवसा नाही.

माझा कौल असा: मिलिमीटरच्या घरातली भिंगं हजारोंनी लागणार असतील, तर साच्यात पैसे घाला. बारीक पिच हवी असेल तर क्लीनरूम (धूळविरहित खोली) उभारायच्या नादी लागू नका, वेफर बाहेरून करून घ्या. दोन्हीकडे नमुना हातात आला की मधलं एकच भिंग नव्हे, चारही कोपऱ्यांतली भिंगं इंटरफेरोमीटरखाली (प्रकाशलहरींनी पृष्ठभाग मोजणाऱ्या यंत्राखाली) मोजायला सांगा.