चिकाबद्दल अगदी बरोबर बोलणारा लसवाला

इंदूरात परका माणूस दारात येऊन शुद्ध मराठीत "काकू, नमस्कार" म्हणाला की निम्मा विश्वास तिथंच बसतो. आमच्या खंडवा रोडवरच्या गोठ्यावर ऐन थंडीत वासरांना न्यूमोनियाची लस टोचायला आलेल्या त्या माणसाचं भांडवल तेवढंच नव्हतं. त्याला विषय येत होता, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

वासराला जन्मल्यावर दोन तासांत चीक पाजा म्हणाला. बरोबर. चिकातली प्रतिकारशक्ती अंगात असताना टोचलेली लस नीट लागत नाही, म्हणून परदेशात न्यूमोनियाची लस नाकात टाकतात, हेही बरोबर. "माझी टोचायची आहे, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो." तशा लसींना लागतोच. आणि या एका खऱ्या वाक्यावर त्याने दुसऱ्या डोसाचे पैसेही आगाऊ घेतले! एका वासराचे सहाशे, दोन डोसांचे बाराशे, सगळे रोख. बिल पुढच्या खेपेला.

सिरिंजा तो घरूनच भरून आणायचा. डब्यात बर्फाचं नुसतं पाणी झालेलं. लस २ ते ८ अंशांत ठेवतात हे त्यानेच आम्हाला ऐकवलं होतं. एक कालवड ढासत होती, नाक वाहत होतं. थर्मामीटर न लावता तिलाही टोचलं. तापलेल्या जनावराला लस देत नाहीत, एवढं आमच्या सासूबाईही सांगतात, पण त्या दिवशी त्या देवासला होत्या.

पुढे कालवड धापा टाकायला लागली. त्याचा फोन बंद. १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, सरकारी डॉक्टर आले, उपचार झाले, ती वाचली. पेंढ्यात त्याची एक कुपी पडलेली सापडली, लेबल खरवडलेलं, पण कोपऱ्यात "विक्रीसाठी नाही" एवढं शाबूत. आत पांढरट, तेलकट थेंब. डॉक्टरसाहेब म्हणाले, ही घटसर्पाची दिसते.

घटसर्प, इकडे ज्याला गलघोंटू म्हणतात, तो पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूचा. गळा सुजतो, जनावर झटपट जातं. त्याची लस पावसाळ्यापूर्वी देतात, तीही साधारण सहा महिन्यांवरच्या जनावराला. थंडीत वासरं धापा टाकतात त्यामागे बहुतेकदा बीआरएसव्ही (गुरांच्या श्वसनमार्गाचा विषाणू), पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू असतात, मग मायकोप्लाझ्मा, मॅनहाइमिया हे जिवाणू. त्यांच्यावर ही लस चालत नाही. म्हणजे सरकारची फुकटची लस, कदाचित थंडाव्याअभावी बिघडलेली, चुकीच्या रोगावर, महिन्याभराच्या वासराला, आणि पैसे आमचे.

डॉक्टरांनी लसीआधी गोठा दाखवला. गारठा नको म्हणून सगळीकडून पोती लावलेली, आत मुताचा वास डोळ्यांत जाणारा. वरची पोती काढली, तळ कोरडा केला, तेव्हा ढास कमी झाली.

तुमच्याकडे कुणी आलं तर कुपी हातात घ्या. नाव, बॅच, मुदत वाचा, सिरिंज तुमच्यासमोर भरायला लावा. सरकारी लसीकरणाला पैसे लागत नाहीत. कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर टिपून नोंद करतात. कालवडींना चार ते आठ महिन्यांत ब्रुसेलोसिसची लसही अशीच मोफत मिळते.

तो आता देपालपूरकडे फिरतोय असं दूधवाल्याकडून कळलं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, कुपीही तिथंच जमा आहे. निळा डबा, चाळिशीचा, बोलायला गोड. आणखी कुणाकडून दुसऱ्या डोसाचे पैसे नेले असतील तर त्यांनीही अर्ज द्यावा. एकट्या आमच्या अर्जावर हवालदार नुसते हसले.