पान कोण उलटणार? पियानो ड्युएटच्या फुकट आणि विकतच्या प्रतींचा वापरानंतरचा अनुभव

फ्रेंच संगीतकार फोरेच्या ‘डॉली’ची चार हातांची (म्हणजे एकाच पियानोवर दोघांनी वाजवायची) प्रत मागवली आणि पार्सलमधून निघाली आल्फ्रेद कोर्तोनं एकट्या वादकासाठी केलेली सोलो मांडणी. नाव तेच, ओपस (रचना क्रमांक) ५६ तोच. विक्रेत्याचं म्हणणं, वर्णनात ‘डॉली, पियानो’ लिहिलंय आणि पियानोचीच प्रत पाठवलीय. छापील संगीत परत घेत नाही. डोकं तापलं ते तापलंच. तेव्हा मागवण्याआधी आतल्या पानाचा फोटो मागा. डाव्या पानावर ‘सेकंदो’ (डावीकडे बसून खालचे सूर वाजवणारा) आणि उजव्या पानावर ‘प्रिमो’ (उजवीकडचा, वरचे सूर वाजवणारा) असं दिसलं तरच पैसे भरा. फ्रेंच मुखपृष्ठावर ‘आ कात्र मँ’ (चार हातांसाठी) हवं. ‘दो पियानो’ म्हणजे दोन वाद्यं, आणि दोन पियानो असलेलं सभागृह आपल्याकडे किती जणांच्या नशिबी असतं!

पियानो परीक्षेच्या ग्रेड ४ ते ६ च्या जोड्यांसाठी रिसायटलचे (जाहीर कार्यक्रमाचे) पीस निवडताना फुकट स्कॅन आणि विकतच्या प्रती दोन्ही बरेच महिने वापरून झाल्या. कुठला पीस किती सुंदर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पान कुठे उलटायचं आणि कुणी, हे कुणी सांगत नाही. रिसायटल फसतं ते तिथेच.

ड्युएटच्या पुस्तकात पानं जोडीनं चालतात, म्हणून सेकंदोचं पान सम क्रमांकाचं असायलाच हवं. स्कॅनमध्ये पुढे मुखपृष्ठ, जाहिरात, कोरं पान असं काहीबाही असतं. तीच फाइल झेरॉक्सवाल्याला पाठपोट छापायला दिली की क्रम एकानं सरकतो, आणि सेकंदो कागदाच्या एका बाजूला तर प्रिमो त्याच कागदाच्या मागे येतो. म्हणजे दोघांपैकी एकानं कागदाच्या पाठीमागून वाचायचं! उपाय सोपा आहे. फाइलमध्ये सेकंदोचं पहिलं पान दुसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर येईल इतकी कोरी पानं आधी घाला आणि मगच छापायला द्या. ‘ग्रेस्केल’ नको, निव्वळ काळं-पांढरं सांगा. नाहीतर पिवळ्या कागदाची राखाडी छटा येते आणि शार्प व नॅचरल (सूर चढवायची आणि मूळ सुरावर आणायची चिन्हं) ओळखू येत नाहीत. स्पायरलच्या बाजूला निदान १२ मिमी समास सोडा. न सोडल्यास सेकंदोच्या प्रत्येक ओळीतला शेवटचा बार (दोन उभ्या रेघांमधला तालाचा भाग) भोकांत जातो. कागद १०० जीएसएमचा घ्या. ८० चा पंख्याच्या वाऱ्यानं आपला आपण उलटतो.

आता पान उलटण्याबद्दल. उजव्या पानाचा कोपरा प्रिमोच्या उजव्या हाताजवळ असतो आणि सुरावट नेमकी त्याच हातात असते. सेकंदोनं डावा हात पुढे काढून उलटायचं तर खालचा बास गायब होतो आणि कोपर प्रिमोच्या तोंडासमोर येतं. म्हणून पीस ठरवण्याआधी पेन्सिल घेऊन प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन बारांत कुणाचा कुठला हात मोकळा आहे ते पाहा. कुणाचाच नसेल तर पुढच्या पानाचे पहिले दोन बार कापून मागच्या पानाच्या तळाशी चिकटवा. पानं सुटी करून मांडायची तर दोघांसमोर दोन-दोन ए-फोर, म्हणजे ८४ सेंटिमीटर रुंदी लागते. बऱ्याच जुन्या अपराइट (उभ्या) पियानोची नोटा ठेवायची पाटी इतकी रुंद नसते. टेप घेऊन सभागृहात आधी मोजून या.

शुबर्टचा ‘मिलिटरी मार्च’ (डी ७३३, पहिला, डी मेजर) हा याच कारणासाठी फुकट स्कॅनवरच वाजवावा. मधला ट्रिओ जी मेजरमध्ये आहे आणि तो संपला की पुन्हा सुरुवातीला जायचं असतं. विकतच्या प्रतीत तिथे तीन-चार पानं एकदम मागे फिरवावी लागतात आणि प्रेक्षकांना कागदांची खसखस ऐकू येते. स्कॅन असेल तर मार्चची पानं ट्रिओनंतर पुन्हा छापून बांधा, की फक्त पुढेच जायचं. कुठली पुनरावृत्ती घ्यायची ते दोन्ही पानांवर एकाच रंगानं खूण करून ठेवा. एकानं घेतली आणि दुसऱ्यानं नाही घेतली, तर त्या अपघाताला उपाय नाही. हा पीस भारदस्त वाटतो, पण खरं काम सेकंदोचं आहे. तेच तेच कॉर्ड मनगट सैल ठेवून आणि प्रिमोपेक्षा एक पायरी हलक्या आवाजात वाजवावे लागतात. इथे क्वार्टर नोटला ९६ (मिनिटाला ९६ ठोके) पुरते. १२० ला नेलं की कॉर्ड चिकटतात आणि मार्चची वरात होते.

इथवर वाचून वाटेल की विकतच्या प्रती म्हणजे पैशांची उधळपट्टी. माझंही मत बराच काळ तेच होतं, विशेषतः फोरेचं निधन १९२४ चं आणि रावेलचं १९३७ चं असताना, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. रावेलच्या ‘मा मेर ल्वा’ (‘मदर गूज’) या ड्युएटनं ते मत बदललं. मूळ चार हातांची आवृत्ती १९१० ची. गोदेब्स्की कुटुंबातल्या दोन मुलांसाठी लिहिलेली आणि पहिल्यांदा जाहीरपणे वाजवलीही दोन मुलींनीच. त्यातली पाव्हान फक्त २० बारांची आहे. एका जोडपानात मावते, पान उलटायचा प्रश्नच नाही. पण दोघांचे हात इतके जवळ येतात की कुणाचा हात वर आणि कुणाचा खाली हे दर बारला ठरवावं लागतं. नीट संपादित प्रतीत बोटांचे आकडे आणि बार क्रमांक असतात. जुन्या स्कॅनमध्ये बार क्रमांक बहुधा नसतातच, आणि मग ‘तिसऱ्या ओळीपासून घे’ म्हटलं की प्रिमोची तिसरी ओळ वेगळी आणि सेकंदोची वेगळी. सगळे बार पेन्सिलनं मोजून लिहिता येतात, पण दोन पानांवरचे आकडे जुळले नाहीत की तालीम भांडणात जाते. रावेल आणि फोरे विकत घ्या. इथे चिकटपणा महागात पडतो.

हातांच्या टकरीबद्दल थोडं. प्रिमोचा डावा आणि सेकंदोचा उजवा हात एकाच सप्तकात आले की एकानं पट्ट्यांच्या आतल्या टोकाकडे, मनगट उंच ठेवून वाजवायचं आणि दुसऱ्यानं काठावर, मनगट खाली. तोच सूर एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर पहिल्यानं लिहिलेल्या वेळेआधीच बोट उचलायचं. दाबलेली पट्टी पुन्हा वाजत नाही, डिजिटलवर तर नाहीच नाही. मग प्रिमोच्या सुरावटीत भोक पडतं आणि दोष भलत्याच्या माथी जातो.

‘डॉली’तला पहिला ‘बेर्सझ’ (अंगाईगीत) ई मेजरमध्ये, चार शार्पचा. मध्यम दर्जाच्या जोडीला यासारखा दुसरा नाही. प्रिमोची सुरावट सरळ, सेकंदोकडे झुलणारी साथ. पेडल सेकंदोचं, पण कान मात्र प्रिमोकडे हवा. बास बदलला म्हणून नव्हे तर वरची सुरावट गढूळ झाली की पाय उचलायचा. शेवटचा ‘ल पा एस्पान्यॉल’ टाळ्या घेतो, पण ‘बेर्सझ’ जमला म्हणून तोही जमेल असं समजू नका. दोघांत चांगलं दोन ग्रेडचं अंतर आहे.

कमी कष्टात जास्त परिणाम हवा असेल तर ग्रीगचा नॉर्वेजियन डान्स क्रमांक २ (ओपस ३५, १८८१). ए मेजरमध्ये नाजूक सुरुवात, मध्ये एफ शार्प मायनरमध्ये एकदम धावणारा जोरकस भाग, पुन्हा शांत. श्रोते दचकतात, आणि वाजवायला शुबर्टच्या निम्मेही कष्ट नाहीत. फक्त मधल्या भागाआधी दोघांनी एकत्र श्वास घ्यायची जागा ठरवून ठेवा.

ब्राम्सचा हंगेरियन डान्स क्रमांक ५ सगळ्यांना हवा असतो. मूळ एफ शार्प मायनरमध्ये आहे आणि मधला भाग सहा शार्पचा एफ शार्प मेजर. बाजारातल्या ‘सोप्या’ प्रती स्वर बदलून येतात. त्या घेतल्या तरी चालतील, पण लय ताणायच्या आणि सोडायच्या जागा तितक्याच अवघड राहतात. हा पीस श्रोत्यांना पाठ असतो, त्यामुळे चूक शेवटच्या रांगेतही कळते. वाजवणाऱ्यांपैकी एकालाच सगळे इशारे देऊ द्या, शक्यतो प्रिमोला.

टॅबलेटचाही अनुभव सांगतो. १० इंचांच्या पडद्यावर जोडपान आडवं घेतलं तर नोटा मुंग्यांएवढ्या दिसतात. दोन टॅबलेट, एकात फक्त सम पानं आणि दुसऱ्यात फक्त विषम, हीच व्यवस्था चालते. पान उलटायचे पायाचे बटण प्रिमोकडे द्या, त्याचे दोन्ही पाय मोकळे असतात. सेकंदोला स्वतःचं बटण हवंच असेल तर डाव्या पायाखाली, उजवा पेडलवर. डू नॉट डिस्टर्ब चालू करायला विसरू नका.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे पीस बसवू नका. पाचच सप्तकं मिळतात, प्रिमोचं वरचं आणि सेकंदोचं खालचं टोक कापलं जातं. रावेलच्या ‘मा मेर ल्वा’तली ‘लेदरोनेत’ बहुतांश काळ्या पट्ट्यांवर आणि बरीच उंच आहे, तिथे तर प्रयत्नही नको. बसायला एक लांब बाक नको, दोन वेगवेगळी उंची बदलणारी स्टुलं हवीत. सभागृहात दुसरं स्टूल आहे का ते आठवडाभर आधी विचारा. बहुतेक ठिकाणी नसतं आणि ऐनवेळी प्लास्टिकची खुर्ची येते, तिची उंची बदलत नाही.