ग्रॅडो एसआर80एक्स: रॅपच्या जमान्यात गिटारवाल्यांचा हेडफोन

हेडफोन बघायला दुकानात गेलं की हल्ली विकणारा आधी बेसबद्दलच बोलतो. जर्सी सिटीतल्या एका दुकानात मांडून ठेवलेले बरेच हेडफोन मी कानाला लावून पाहिले. बहुतेकांत खर्ज इतका फुगवलेला की गायक दबून गेलेला आणि गिटार मागे कुठेतरी अंग चोरून वाजत असलेली. मुंबईच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव ऐकून धावतपळत डोंबिवलीची शेवटची लोकल गाठायची, अशी माझी पोरवयातली वर्षं गेली. मला गिटार पुढेच हवी. म्हणून ग्रॅडोचा एसआर80एक्स मागवला.

ग्रॅडो ही ब्रुकलिनची घरगुती कंपनी. जोसेफ ग्रॅडो मूळचा घड्याळजी. त्याने 1953 साली स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) बनवायला सुरुवात केली आणि पुढे सनसेट पार्कमधलं घरचं फळांचं दुकानच कारखाना झालं. हेडफोन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. एसआर80एक्स हे 2021 चं मॉडेल, बाजारात आलं तेव्हा किंमत 125 डॉलर. काळं प्लास्टिक, कानावर टेकणारा फोम, डोक्यावर साधी पट्टी, मागे जाळी. ब्लूटूथ नाही, माइक नाही. वायर जाड, विणलेली आणि कायमची जोडलेली, म्हणजे काढून दुसरी लावता येत नाही. पाठ उघडी असल्यामुळे तुमचं गाणं शेजाऱ्याला ऐकू जातं आणि बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात येतो. पाथच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, गाडीत हा घालू नये. रात्री, खोलीचं दार लावून ऐकायची ही वस्तू आहे. फोनला वायर जोडायच्या साध्या डाँगलवरही भरपूर जोरात वाजतो, वेगळा अ‍ॅम्प लागत नाही.

आता वाजतो कसा ते. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं लावा, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचा ड्रमसेट मांडला होता आणि दोन माइक वर जिन्यात टांगले होते. ग्रॅडोवर तो जिना ऐकू येतो. ठोका पडतो, आवाज वर चढत जातो आणि तो विरायच्या आत पुढचा ठोका त्याच्यावर येऊन आदळतो. ठोका आणि घुमारा दोन्ही सुटेसुटे कळतात. त्या दुकानातल्या बंद पाठीच्या हेडफोनांवर याच जागी नुसता एक मोठा गोल 'ढब्ब' मिळाला होता. आणि गिटार! डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची, खरी धार दोन हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर असते. ग्रॅडोने नेमका तोच पट्टा उचलून धरलाय. पिक तारेला लागतो तो क्षण कळतो. जुने मेटल अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकावेसे वाटले आणि मी ते ऐकले.

बॉनमचा हाच ठोका 1986 मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटाच्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्यात कापून बसवलेला आहे. निर्माता रिक रुबिन. त्याच माणसाने त्याच वर्षी, त्याच डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीसाठी स्लेयर या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' केला. मेटलवाल्याने रॅपला नावं ठेवण्याआधी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

माझी मुलगी कॉलेजला आहे. तिने हा हेडफोन घातला, आपलं ट्रॅपचं (रॅपचाच एक प्रकार) एक गाणं लावलं आणि अर्ध्या मिनिटात काढून ठेवला. "बाबा, ह्यात किक कुठे गेली? तुझा हेडफोन बिघडलाय."

बिघडलेला नाही. आजच्या रॅपचा पाया म्हणजे रोलंडच्या टीआर-808 या ड्रम मशीनचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा खोल ठोका. मशीन 1980 चं, 1983 मध्ये रोलंडने ते बनवणं बंदही केलं. पण त्याचा लांबत जाणारा खर्ज आज पन्नास हर्ट्झच्या आसपास अख्खं गाणं तोलून धरतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तरी 82 हर्ट्झ. उघड्या पाठीच्या आणि कानावर नुसत्या टेकलेल्या हेडफोनमध्ये इतका खोल खर्ज कोंडून राहत नाही, निसटून जातो. म्हणजे ज्यासाठी मी हा घेतला त्याचीच ही दुसरी बाजू.

खरं दुखणं इथे आहे. संगीताचा खप मोजणाऱ्या नीलसन कंपनीच्या मोजणीत 2017 साली, रॅप ज्यात येतं ते हिपहॉप आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) मिळून अमेरिकेत पहिल्यांदाच रॉकच्या पुढे गेले. त्याआधीच, डिसेंबर 2014 पासून, बिलबोर्ड मासिकाने आपल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग धरायला घेतलं होतं. एकच गाणं दिवसभर लावणारी पोरं मोजणीत आली आणि अल्बम एकदाच विकत घेऊन वर्षानुवर्षं ऐकणारे आम्ही मागे पडलो. बाजार मग वस्तूही त्यांच्याच कानांसाठी बनवणार. डॉक्टर ड्रे या रॅपरच्या नावाचे बीट्स हेडफोन 2008 मध्ये आले आणि 2014 मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी तीन अब्ज डॉलरला घेतली. एका संगीतप्रकाराचा वरचष्मा गाण्यांच्या यादीपुरता असता तर मला काहीच वाटलं नसतं. पण तो कानाला लावायच्या यंत्रात शिरतो, तेव्हा बाकीचं संगीतही त्याच्याच चवीने ऐकावं लागतं. हे मला मनापासून खटकतं. गिटारचा आवाज नव्या पोरांपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत बोथट होतो.

आणि तरीही रॅप या जागेवर फुकट बसलेलं नाही. रॅपर केंड्रिक लमारला 2018 मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर ते तोवर कधी गेलं नव्हतं. त्याचे अल्बम मी ऐकले आहेत आणि मला तो निर्णय पटतो. रॉकमध्ये इतक्या नेटाने, इतकं नेमकं लिहिणारे आज मला फार सापडत नाहीत, हे सांगताना जीव तुटतो.

हेही मला ग्रॅडोवरच नीट कळलं. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा 1991 चा 'द लो एंड थिअरी' लावला. त्यातल्या एका गाण्यात जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या पंचकातला रॉन कार्टर डबल बेस वाजवतो. खर्ज अर्धाच येतो, पण बोट तारेवरून सरकतं ते ऐकू येतं. गटातला रॅपर क्यू-टिप शब्द किंचित मागे खेचून टाकतो, मधेच श्वास घेतो, तेही कळतं. मिरवणुकीत ढोल पुढच्या चौकात गेला आणि ताशा तेवढा आपल्यासमोर राहिला, की काडीन् काडी मोजता येते. इथे व्यंजनं तशी मोजता येतात. मात्र शब्द पुटपुटलेले आणि सगळा भार 808 वर, असलं रॅप यावर पोकळ वाजतं. तिथे मुलीचं म्हणणं बरोबर आहे, तिने बंद पाठीचाच वापरावा.

तेव्हा ऐकणं निम्मं रॉक, निम्मं रॅप असेल आणि एकच हेडफोन घ्यायचा असेल, तर हा घेऊ नका. सोनीचा एमडीआर-7506 सारखा बंद पाठीचा साधा स्टुडिओ हेडफोन दोघांनाही न्याय देतो, शिवाय गाडीत चालतो. पण गिटार हेच तुमचं पहिलं प्रेम असेल तर या किमतीत मला याच्या तोडीचा दुसरा मिळालेला नाही. फोमच्या गाद्या सुट्या मिळतात, एक जादा जोड मागवून ठेवा. पट्टी सुरुवातीला घट्ट बसते. हलक्या हाताने बाहेर वाकवली की सैल होते.