राजा कडेला पळवायचा की कोपऱ्यात? ह्नेफाताफ्लचे नियम रचण्याआधी

ह्नेफाताफ्ल या उत्तर युरोपातल्या व्हायकिंग काळातल्या पटावरच्या खेळाचे स्वतःचे नियम रचायची हौस असेल तर आधी पाया निवडावा लागतो. व्हायकिंग काळातले पट आणि सोंगट्या उत्खननात सापडल्या, पण संपूर्ण नियम लिहून ठेवलेले हाती आलेले नाहीत. आज जे नियम ‘अस्सल’ म्हणून खेळले जातात, ते सगळे कुणीतरी दुवे जोडून बसवलेले आहेत. त्यामुळे अस्सलपणा ही कसोटी मी बाजूला ठेवतो. डाव कुठे अडतो आणि तो सोडवायला काय बदलावं लागतं, एवढंच पाहतो.

सांगाडा सगळीकडे सारखा. मध्यभागी राजा, त्याच्याभोवती राखणदार, चारही बाजूंनी दुप्पट हल्लेखोर. सगळ्या सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ रेषेत चालतात. शत्रूची सोंगटी दोन बाजूंनी चिमटीत धरली की मेली. राजा निसटला तर राखणदार जिंकले, कोंडला तर हल्लेखोर. वाघ-बकरी खेळलेल्यांना दोन असमान बाजू नव्या वाटणार नाहीत. मात्र इथे उडी मारून कुणी काही खात नाही.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो या खेळाच्या टाबलुट या प्रकाराचा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस 1732 मध्ये स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडच्या लॅपलँडमध्ये फिरत होता, तेव्हा तिथल्या सामी लोकांचा हा खेळ त्याने रोजनिशीत टिपून ठेवला. 9×9 चा पट, राजा आणि 8 राखणदार, समोर 16 हल्लेखोर. राजाने पटाच्या कडेवरचं कुठलंही घर गाठलं की डाव संपला. राजासमोर एक वाट मोकळी झाली की खेळाडूने ‘राइची’ म्हणायचं, दोन झाल्या की ‘तुइचू’. दोन वाटा एका चालीत बुजवता येत नाहीत, म्हणजे राजा सुटलाच. हा इशारा मला इतका आवडतो की कुठल्याही नियमावलीत तो घालावासा वाटतो.

टाबलुटचं दुखणं या रोजनिशीच्या 1811 च्या इंग्रजी आवृत्तीतून आलं. तिच्यातल्या सदोष भाषांतरामुळे राजाला कुठेही पकडायचं तर चारही बाजूंनी वेढावं लागतं, असा समज रूढ झाला. एवढा दणकट राजा आणि सुटायला कडेची 32 घरं, मग हल्लेखोरांनी करायचं काय? मूळ नोंदीप्रमाणे चार बाजूंची अट फक्त राजा सिंहासनावर, म्हणजे पटाच्या मधल्या घरात, असताना आहे. सिंहासनाला खेटून असेल तर उरलेल्या तीन बाजू पुरतात आणि बाहेर पडल्यावर तो इतरांसारखा दोन सोंगट्यांत मरतो. तुम्ही टाबलुट घेणार असाल तर ही दुरुस्ती करूनच घ्या, नाहीतर आधीच मोडलेल्या डावाला ठिगळं लावत बसाल.

राजा फार बलवान होतो यावर दुसरा उपाय म्हणजे कड बंद करून फक्त चार कोपरे उघडे ठेवायचे. स्कॉटलंडच्या शेटलँड बेटांमधल्या फेटलरच्या नावाने ओळखले जाणारे नियम असेच आहेत: पट 11×11, राजा आणि 12 राखणदार विरुद्ध 24 हल्लेखोर. इथे राजाला चार बाजूंनी पकडावं लागतं, तरी पारडं फार झुकत नाही. पण कोपऱ्याला कुलूप लावता येतं. कोपऱ्यासमोर तिरक्या रेषेत तीन सोंगट्या बसवल्या की त्यांना मारताच येत नाही, कारण त्यांच्यामागची घरं राखणदारांना गाठता येत नाहीत. चार कोपऱ्यांना 12 सोंगट्या लागतात आणि हल्लेखोरांकडे आणखी 12 उरतात. दोन्ही बाजूंनी सावध खेळायचं ठरवलं तर डाव रेंगाळतो.

कोपनहेगन नियम (2012) याच रेंगाळण्यावर काढलेला तोडगा आहेत. राजासह सगळे राखणदार वेढले गेले तर हल्लेखोर जिंकतात. राजाने कडेला अभेद्य किल्ला बांधला आणि आत त्याला हलायला जागा असली तर राखणदार जिंकतात. कडेला ओळीत बसलेल्या सोंगट्या पुढून आणि दोन्ही टोकांनी घेरून एकदम मारता येतात. त्याच त्या चाली उगाळायला बंदी. खेळायला मला हेच नियम सर्वांत आवडतात. पण नवं काही रचायला हा पाया गैरसोयीचा आहे. एक नियम काढलात की तो ज्या पळवाटेसाठी घातला होता ती लगेच उघडते, आणि एक घातलात तर तो आधीच्या तिघांशी भांडतो.

नवशिक्याला मी आयर्लंडचा ब्रँडव सुचवेन. पट 7×7, राजा, 4 राखणदार, 8 हल्लेखोर. बॅलिंडरी इथे 1932 मध्ये सापडलेल्या दहाव्या शतकातल्या लाकडी पटावर मधलं भोक आणि चारही कोपरे वेगळे खुणावलेले आहेत, म्हणून कोपऱ्याने सुटण्याचा नियम इथे तरी ओढूनताणून आणलेला वाटत नाही. वरचा हिशोब इथे लावून पाहा: 12 सोंगट्यांचं कुलूप 8 जणांना घालता येत नाही. रेंगाळण्याचं मुख्य कारण पटाच्या आकारानेच कापलं जातं. शिवाय डाव लवकर संपतो, त्यामुळे एका बैठकीत तोच बदल अनेकदा तपासून होतो. तोटा एवढाच की 7×7 वर प्रत्येक बदल जोरात लागतो. राजाला शत्रू मारायची मुभा काढून घेतलीत तर 11×11 वर फरक हळूहळू जाणवतो, इथे राखणदारांची फळी लगेच ढासळते.

कडेने सुटण्याचाच थरार हवा असेल तर दुरुस्त टाबलुट घ्या. वेळ आणि मुरलेला जोडीदार दोन्ही असतील तर फेटलरवरून सुरुवात करून कोपनहेगनवाल्यांपेक्षा वेगळा उपाय शोधा. राजाची चाल तीन घरांपुरती मर्यादित करणं हा करून पाहण्यासारखा बदल आहे.

पाया कुठलाही असो, एका वेळी एकच नियम बदला आणि बाजू बदलून दोन डाव खेळा. दोन्ही डावांत राजा सुटला तर ज्याचा कमी चालींत सुटला तो विजयी माना, म्हणजे पारडं थोडं कललेलं असलं तरी सामना रंगतो. बाजू बदलूनही पुन्हा पुन्हा एकच रंग जिंकत राहिला, तर आधी राजाला पकडायचा नियम तपासा. सोंगट्यांची संख्या सगळ्यात शेवटी बदला.