आईला घेऊन मेट्रोने दहा महिने

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिजिओथेरपी मिळाली शिवाजीनगरला. आम्ही पुण्यात कोथरूडचे, आयडियल कॉलनी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. पाच मिनिटं माझ्या पायांची. सुरुवातीचा महिना रिक्षाने काढला, मग म्हटलं मेट्रो एवढी दाराशी आहे तर वापरून बघू. आठवड्यातून दोन फेऱ्या, असे दहा महिने झाले.

स्टेशनात शिरलं की तक्रारीला जागा फार नाही. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत. पहिल्या दिवशी आईने सवयीने पाय उचलला, एसटीत चढताना उचलतो तसा, आणि पायरीच नाही म्हणून दचकली. चार पायांची काठी आधी आत टेकवायची आणि मग आपण, हे तंत्र तिला तिसऱ्या फेरीत जमलं. जागाही मिळते. कानात इअरफोनची बोंडं घातलेली पोरं न सांगता उठतात, हे मला अपेक्षित नव्हतं.

जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलायची. आम्ही येतो ती रामवाडीची मार्गिका पुलावर आणि शिवाजीनगरला नेणारी स्वारगेटची जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. धडधाकट माणूस सरकत्या जिन्याने उतरतो, आम्ही लिफ्टने, आठ-दहा मिनिटं लागतात. आई दर वेळी विचारते, "अजून किती खाली नेणारेस मला?"

आता घरापासून स्टेशनपर्यंतचं. फूटपाथ वीतभर उंच, उताराच्या तोंडाशी हमखास कुणाची तरी गाडी. अंध माणसांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरश्यांवर एका सकाळी अकरा दुचाकी मोजल्या मी, बाराव्या दुचाकीवाला स्टँड लावत होता. "दोनच मिनिटं हं काकू." आम्ही रस्त्यावर उतरलो. नवा गुडघा आणि मागून हॉर्न. म्हणून मग स्टेशनपर्यंतसुद्धा रिक्षा. पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये, तेही इतक्या जवळ यायला कुणी तयार झाला तर. मेट्रोच्या तिकिटापेक्षा तिथवर पोचणंच महाग पडतं.

कागदावर काही कमी नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलंय की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटायची. पुण्याचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६चं. २०२१मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद करून पादचारी दिनसुद्धा सुरू झाला. आम्हाला थेरपीला वर्षातून एकदाच जायचं असतं तर तारीख जुळवली असती! पण जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फूटपाथ खरंच चांगले आहेत. तिथे आई पाऊण तास चालली, मध्ये बाकावर बसली, भेळ खाल्ली. म्हणजे मनात आणलं तर होतं.

बसचं थोडक्यात. खालच्या फ्लोअरची इलेक्ट्रिक बस आईला आवडते, आवाज नाही, धूर नाही. पण थांब्यावर रिक्षा लागलेल्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मधे थांबते आणि खालच्या फ्लोअरचा फायदा तिथेच संपतो. त्यात जून २०२५पासून किमान तिकीट ५चं १० झालं, मासिक पास ९००चा १५००. डिझेलचा खर्च, पगार, सगळं समजतं मला. पण लोकांनी दुचाकी सोडून बसने यावं असं म्हणायचं आणि पास एका झटक्यात सहाशेने वाढवायचा, हे गणित मला सुटत नाही. शेजारच्या पोराने त्याच महिन्यात स्कूटर घेतली, बहुधा तीच आता आमच्या फूटपाथवर असते.

मार्क द्यायचे तर मेट्रोला पाचपैकी साडेचार, मेट्रोपर्यंतच्या रस्त्याला दीड.

पुढच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तेही शिवाजीनगरलाच. डॉक्टरांकडे शनिवार मागितलाय. त्या दिवशी मेट्रोच्या तिकिटावर ३० टक्के सवलत असते, आणि आईने ते बरोबर लक्षात ठेवलंय.